पाण्याखालची पेढी

"चिरंजीव सध्या काय करतात?" असे कोणी विचारले की गेली तीन वर्षे माझे उत्तर ठरलेले असे. "अंदमानात असतो. पर्यटनाच्या व्यवसायात आहे." एवढे सांगून मी विषय सुताच्या भावाकडे वळवीत असे. बी.कॉम. झालेला, हिशेबात तरबेज असा एकुलता एक मुलगा, आजोबांपासून चालत आलेले सांगलीच्या पेठेतील कापडाचे दुकान सोडून, परक्या माणसांना समुद्रात बुड्या मारायला शिकवतो, हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नसे. दिवाळीला तो येई, वहीपूजनाला शेजारी बसे आणि भाऊबीज झाली की परत जाई. आमचे भांडण असे कधी झाले नाही. बोलणे मात्र हळूहळू आटत गेले होते.

यंदा फेब्रुवारीत सौभाग्यवतींनी हट्टच धरला. "मुलगा कुठे राहतो, काय खातो, हे एकदा डोळ्यांनी पाहू द्या." लग्नसराईचे दिवस असूनही दुकान मुनीमजींवर सोपवून आम्ही निघालो.

पोर्ट ब्लेअरहून बोटीने दीड-दोन तासांत स्वराज द्वीप येते. २०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते. वस्ती बहुतांशी फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली कुटुंबांची आहे. किनारे क्रमांकांनी ओळखले जातात. प्रसिद्ध राधानगर किनारा सात क्रमांकाचा. घड्याळ आपलेच असले तरी बेटे फार पूर्वेला असल्याने सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो. दिवसाउजेडी जेवणाऱ्या आम्हा दोघांना त्यामुळे पाच वाजताच पानावर बसावे लागे. मुलाने कांदा-लसूण नसलेले जेवण करून देणारी एक बंगाली मावशी आधीच शोधून ठेवली होती. आई त्यावरच निम्मी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसलो. किनाऱ्यालगतची एक शेड, भिंतीला टेकून ठेवलेल्या हवेच्या टाक्या आणि दोरीवर वाळत घातलेले रबरी पोशाख. तेवढ्यात एक जोडपे आले. त्यांना लगेच समुद्रात उतरायचे होते. मुलाने परतीचा प्रवास कधी आहे ते विचारले, आणि दुपारचे विमान असल्याचे कळताच नम्रपणे नकार दिला. ते गृहस्थ दुप्पट पैसे द्यायला तयार झाले. मुलगा हात जोडून नाहीच म्हणाला. ते रागावून निघून गेले.

चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या मला ते पाहवेना. "दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठवतोस?"

"विमान आहे त्यांचे, अण्णा," एवढेच बोलून तो टाक्या मोजू लागला. मी मनात म्हटले, हा दुकानात बसला असता तरी काय दिवे लावले असते!

त्याच सकाळी मी स्वतः पाण्यात उतरेन असे वाटले नव्हते. पण "तुम्ही उतराल का?" असे त्याने विचारले, आणि त्याच्या विचारण्यात असे काही होते की मला नाही म्हणवेना. मला पोहता येत नाही. पहिल्या डुबकीला ते आवश्यक नसते, शिक्षक सारा वेळ धरून असतो, हे तेव्हा समजले. मात्र प्रकृतीविषयी एक लांबलचक अर्ज भरावा लागला. रक्तदाबाच्या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिणार, एवढ्यात त्याने कागद काढून घेतला. "खरे लिहा अण्णा. तुमची गोळी मला माहीत आहे." मग डॉक्टरांना दाखवून त्यांची लेखी संमती मिळेपर्यंत एक दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात शिकवणी झाली. टाकीत निव्वळ प्राणवायू असतो असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती दाबून भरलेली साधी हवाच असते. पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना छातीतील हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. दुसरा, कान दुखण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे. तिसरा नियम खुणांचा होता. अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे सारे ठीक. वर केलेला अंगठा म्हणजे "वर चला".

आम्ही उतरलो ते ठिकाण 'निमो रीफ' या नावाने ओळखले जाते. किनाऱ्यावरून चालतच पाण्यात जाता येत असल्याने नवख्यांना बहुधा येथेच आणतात. अनुभवी लोक बोटीने 'डिक्सन्स पिनॅकल', 'जॉनीज गॉर्ज' अशा दूरच्या, खोल जागी जातात. डोके पाण्याखाली जाताच मला पहिल्यांदा ऐकू आला तो माझाच श्वास. लोहाराच्या भात्यासारखा आवाज, मग बुडबुड्यांची खळखळ. छाती धडधडू लागली. मुलाने माझा हात धरला आणि डोळ्यांत पाहत स्वतः सावकाश श्वास घेऊन दाखवला. तो सायकल शिकत होता तेव्हा मी मागून बैठक धरून धावत असे, ते आठवले. आता धरणारा हात त्याचा होता.

सहा-सात मीटर खाली गेल्यावर भीती कधी सरली ते कळले नाही. ज्यांना मी दगड समजत होतो ती प्रवाळे होती, इवल्या जीवांच्या पिढ्यान्पिढ्यांनी चुना साठवून बांधलेली घरे. त्यांतील गोल, घट्ट प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणून माझ्या पायाचा एक फटकाही कशाला लागू नये याची मुलाला भारी काळजी. एका समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांत नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे मिरवत, बिनघोर फिरत होते. त्या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी. ती गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो आणि कुटुंब पुढे चालते. हे त्याने मला नंतर सांगितले. त्या क्षणी मात्र मी हरखून गेलो होतो, आणि "वा, फारच छान!" हे मुलाला कळावे म्हणून मी जोरात अंगठा वर केला.

त्याने क्षणात मला धरून सावकाश वर आणले. डोके बाहेर येताच काळजीने विचारले, "काय झाले? छातीत दुखते का?"

"अरे नाही! छान आहे म्हणत होतो."

तो आधी बघतच राहिला, मग हसू लागला. मलाही हसू आवरेना. समुद्रात तरंगत बापलेक मनसोक्त हसलो. इतके एकत्र आम्ही कधी हसलो होतो, ते मला आठवेना.

पुन्हा खाली गेलो तेव्हा त्याने तळहात दाखवून मला एका प्रवाळाच्या उंचवट्यापुढे थांबवले. तेथे बोटाएवढा निळसर मासा होता, अंगावर काळी पट्टी. त्याच्यापुढे त्याच्या कितीतरी पट मोठा मासा तोंड उघडून स्तब्ध उभा होता. हा चिमुकला चक्क त्या जबड्यात शिरला आणि थोड्या वेळाने कल्ल्यातून बाहेर आला. मोठा निघून गेला, दुसरा पुढे सरकला. मागे आणखी दोघे ताटकळत होते. गिऱ्हाइके उभी असलेले दुकान मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार!

संध्याकाळी जेवण उरकून ओसरीवर बसलो तेव्हा मीच विषय काढला. मुलगा खुलून बोलू लागला. त्या माशाला इंग्रजीत 'क्लीनर रॅस' म्हणतात. इतर माशांच्या अंगावरील रक्तपिपासू किडे तो वेचून खातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील अभ्यासात असा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० किडे वेचतो असे आढळले. पण त्याला किड्यांहून अधिक आवडतो तो गिऱ्हाइकाच्या अंगावरील बुळबुळीत थर. तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकते, चिडते आणि पुन्हा येत नाही. रेदुआन ब्शारी आणि अलेक्झांड्रा ग्रटर या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की हे सारे बाजूचे मासे पाहत असतात, लबाडी करणाऱ्याकडे जायचे टाळतात, आणि आपल्याला कोणी पाहत आहे हे कळले की सफाई करणाराही अधिक सचोटीने वागतो.

"म्हणजे पतीवर चालणारा धंदा," मी म्हटले.

"आणखी ऐका. जवळच राहणारे मासे आणि लांबून फिरत आलेले मासे एकाच वेळी आले, तर तो लांबच्याला आधी घेतो. जवळच्याला दुसरे दुकान नसते. लांबचा मात्र दुसरीकडे जाऊ शकतो."

मी चमकलो. आमचे आजोबा बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला नेहमी आधी कापड दाखवीत, "त्याची एस.टी. चुकायला नको" म्हणून. मी ती निव्वळ कणव मानत आलो होतो. त्यात थोडा हिशेबही असावा असे त्या संध्याकाळी पहिल्यांदा मनात आले, आणि आजोबांविषयीचा आदर कमी न होता वाढलाच. त्याच रंगाचा, तसाच डुलत येणारा एक नकली मासाही असतो म्हणे. तो सफाईच्या बहाण्याने जवळ येऊन लचका तोडून पळतो. खऱ्या दुकानाशेजारी खोटी पाटी लावणारे तेथेही आहेतच.

मग मी परवाच्या त्या जोडप्याविषयी विचारले. तो शांतपणे म्हणाला, "खोल पाण्यात दाबाने नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच विमानात उंचावर गेले, तर सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे होऊ शकतात. एका डुबकीनंतरही निदान १२ तास, अधिक डुबक्या झाल्या तर १८ तास थांबायचे असते. बहुधा त्यांना काही झालेही नसते. पण झाले असते तर?"

मला काही बोलता आले नाही. आजोबा ताग्यातून कापड फाडताना चार बोटे जास्त सोडीत. "मापात पाप नको" हे त्यांचे पालुपद होते. मी ते दुकानात टिकवले याचा मला अभिमान होता, आणि मुलगा तेच सोडून गेला याची खंत. आमच्या परतीच्या बोटीचे तिकीट त्याने माझ्या डुबकीनंतर दोन दिवसांनी काढले होते. तो हिशेब त्याने न सांगता केला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने वरच्या वर तरंगत मला एक पांढुरका, मृत भाग दाखवला. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ गमावते आणि पांढरे पडते. २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यात अंदमानात असे फार मोठ्या प्रमाणावर झाले. काही जागा पुन्हा भरल्या, काही नाहीत. "माझा धंदा किती वर्षे चालेल सांगता येत नाही, अण्णा," तो म्हणाला. काळजी मलाही होती, माझ्या दुकानाची. त्या दिवशी आम्ही ती एकमेकांना प्रथमच बोलून दाखवली.

गादीवर पुढे कोण बसणार, हा प्रश्न अजून तसाच आहे. त्याने काही कबूल केले नाही, मीही आग्रह केला नाही. जूनमध्ये तिकडे पावसाळ्याने समुद्र खवळतो, काम मंदावते. तेव्हा तो महिनाभर येणार आहे. लग्नसराई उरकल्यावर आमच्याकडे मालाची मोजदाद असते. तागे तो मोजेल, वहीत मी लिहीन. आणि चिरंजीव काय करतात असे कोणी विचारलेच, तर मी आता विषय बदलत नाही. त्याला थोडा वेळ बसवून घेतो, आणि त्या निळ्या माशापासून सुरुवात करतो.