नाडीवरचा हात कोणाचा?

सिंगापूरला मुलांकडे गेलात, तर एखाद्या सकाळी चायनाटाउनमध्ये अवश्य फेरफटका मारा. वाळलेल्या मुळ्या आणि साली यांचा उग्र दरवळ तुम्हाला आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानाची आठवण करून देईल. थोड्याच अंतरावर ‘थाँग चाय’ या धर्मादाय संस्थेची जुनी वास्तू उभी आहे. 1867 साली स्थापन झालेल्या या संस्थेने वंश वा धर्म न पाहता गरिबांवर विनामूल्य उपचार केले.

त्या काळी वैद्याची पारख लोकांच्या अनुभवावर होई. आज तिला कायद्याचा आधार आहे. 2000 सालच्या कायद्यान्वये प्रथम ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची आणि पुढे चिनी वैद्यांची नोंदणी सुरू झाली. नोंदणी आणि चालू परवाना यांवाचून तेथे ही चिकित्सा करता येत नाही. वैद्याचे नाव नोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावर कोणासही पडताळता येते.

मात्र दुकानात मुळ्या तोलून देणारा प्रत्येक विक्रेता वैद्य असतोच असे नाही, हे ध्यानी असू द्या. गुडघेदुखीसाठी कोणाच्या हाती नाडी देण्यापूर्वी ते नाव मुलांकडून पाहून घ्या.

आणि आपल्या नित्याच्या गोळ्यांची यादी वैद्यापुढे ठेवा. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसोबत ‘दांगग्वेई’ हे चिनी मूळ घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. नोंदवही वैद्याची पात्रता सांगते. चालू असलेली औषधे तुम्हीच सांगावी लागतात.