सहा हातांचा नावाडी

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पेशीपटल शिकवताना आपण फळ्यावर चाळणी काढतो. लहान कण आरपार, मोठे अलीकडे. मुलांना पटकन कळतं, तासही वेळेत संपतो. पण एकदा वर्गात पोटॅशियमला नेणाऱ्या आणि सोडियमला मागे ठेवणाऱ्या रेणूचा विषय निघाला, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, सोडियमचा आयन तर लहान ना? मग तोच आधी जायला हवा!"

बरोबरच आहे तिचं. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर, पोटॅशियमची १३८. चाळणी इथे हात टेकते.

तो रेणू म्हणजे व्हॅलिनोमायसिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू तो बनवतात. १२ घटकांची माळ, टोकाला टोक जोडून केलेलं कडं. घटक आळीपाळीने अमिनो आम्ल आणि हायड्रॉक्सी आम्ल, म्हणून हे काटेकोर अर्थाने निव्वळ पेप्टाइड नव्हे. पण कुटुंब तेच. कड्याची बाहेरची बाजू तेलकट, आत सहा ऑक्सिजन.

आता इंग्रजी यू अक्षरासारखी नळी डोळ्यांसमोर आणा. तळाशी क्लोरोफॉर्म, कारण ते पाण्यापेक्षा जड. दोन्ही भुजांत पाणी, एकीकडे पोटॅशियमचा क्षार. हे क्लोरोफॉर्म म्हणजेच द्रव पटल. पाण्याने वेढलेला आयन त्यात शिरतच नाही. क्लोरोफॉर्ममध्ये किंचित व्हॅलिनोमायसिन घाला, की पोटॅशियम हळूहळू पलीकडच्या पाण्यात उतरू लागतं. सोबत ऋण आयनही जावा लागतो, नाहीतर विद्युतभाराचा हिशेब जुळत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी पिवळा पिक्रेट वापरतात, म्हणजे पलीकडे चढणारा रंग दिसतो. (शाळेत हे अजिबात करू नका. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं.)

मग सोडियम का नाही? तेलात उतरण्याआधी आयनाला अंगावरचं पाणी सोडावं लागतं. ते ऊर्जेचं नुकसान कड्यातले सहा ऑक्सिजन भरून काढतात. पोटॅशियम तिथे चपखल बसतं. सोडियम लहान असल्याने पाण्याला जास्त घट्ट धरून ठेवतं, आणि कडं त्याच्यासाठी पुरेसं आकसत नाही. सौदा तोट्याचा! पसंतीतला फरक जवळपास १०,००० पट.

हे वर्गात करून दाखवता येतं. तीन मुलं गोल उभी करा, सहा हात, कोपर न वाकवता. व्हॉलीबॉल सहाही हातांना टेकतो. लिंबू देऊन बघा.

आणि धरणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सोडणंही. पकड फार घट्ट असेल तर नावाडी पलीकडे पोचूनही उतारूला उतरू देणार नाही, फेऱ्याच थांबतील. हा नावाडीच आहे, पूल नव्हे, हे कशावरून? पटल थंड करून गोठवलं की व्हॅलिनोमायसिनचं काम बंद पडतं. ग्रामिसिडिन हे पेप्टाइड पटलात आरपार नळी बनवतं, ते मात्र गोठलेल्या पटलातही आयन सोडत राहतं.

पालकांनो, तुमच्या घरात इलेक्ट्रोलाइटचा रिपोर्ट असेल तर काढून बघा. रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५, पोटॅशियम जेमतेम ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर. एवढ्या गर्दीत पोटॅशियम तेवढं मोजायचं, आणि तेही अचूक, कारण ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मशीनमधल्या पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडच्या पटलात बहुधा हेच कडं असतं. औषध म्हणून मात्र ते माणसाला देत नाहीत, विषारी आहे. आपल्या पेशींतलं पोटॅशियमही ते असंच वाहून नेईल.