बिलातला सक्करदरा

सक्करदरा चौकाजवळच्या एका धान्य दुकानाचं बिल छापणारा प्रोग्राम पीएचपीत होता. इंटरनेट गेलं की तो अडायचा, आणि बुधवार बाजाराच्या गर्दीत ते परवडत नाही. म्हणून तो थेट ब्राउझरमध्ये चालेल असा जावास्क्रिप्टमध्ये करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

दोन्ही भाषा १९९५ सालच्या, पण सवयी वेगळ्या. पीएचपीत मजकूर टिंबानं जोडतात, जावास्क्रिप्टमध्ये अधिकचिन्हानं. तिथंच जपावं लागतं. चौकटीत टाइप केलेल्या ४० मध्ये ५ रुपये हमाली मिळवली की पीएचपी ४५ म्हणते, जावास्क्रिप्ट ४०५.

सगळ्यात जास्त वेळ नावांच्या रकान्यानं घेतला. पीएचपीचं स्ट्रलेन बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. पत्त्यातला ‘सक्करदरा’ पीएचपीच्या लेखी २४. जावास्क्रिप्टच्या लेखी ८, कारण ती हलन्त आणि काना वेगळे धरते. वाचणाऱ्याला मात्र अक्षरं दिसतात पाचच. जुन्या कोडमध्ये कुणीतरी २० चिन्हांसाठी रकाना ६० चा धरला होता. तोच आकडा जावास्क्रिप्टच्या, रिकाम्या जागा भरणाऱ्या पॅडएंडला दिला असता तर रकमा कागदाबाहेर गेल्या असत्या. २० केला तरी ओळी जुळत नव्हत्या; ‘तूर’ आणि ‘हरभरा’ यांतली अक्षरं एका रुंदीची नसतातच. रिकाम्या जागा भरून रकाने जुळवणं मी बंदच केलं आणि सरळ तक्ता आखला: नाव डावीकडे, रक्कम उजवीकडे. आपल्या लिपीला टंकयंत्राच्या खणांत कोंबू नये, असं मला मनापासून वाटतं.

लाखांनी मात्र सुख दिलं. पीएचपीचं नंबर-फॉरमॅट स्वल्पविराम हजारांचे देतं, म्हणून जुन्या कोडमध्ये लाख तोडणारं लांबलचक फंक्शन हातानं लिहिलेलं होतं. जावास्क्रिप्टच्या टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठीचा ‘एमआर-आयएन’ हा संकेत सांगितला आणि एका ओळीत १,२५,००० आलं, तेही मराठी अंकांत.

राहिले पैसे. १.००५ चे दोन दशांश करायला सांगितले तर नंबर-फॉरमॅट १.०१ देतं, जावास्क्रिप्टचं टू-फिक्स्ड १.००. म्हणून वजन ग्रॅममध्ये, भाव पैशांत, सगळे पूर्णांक ठेवले. रुपये फक्त छापताना. मग जुनी बिलं काढून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तपासले. दुकानदार काकांचा तसा आग्रहच होता: ‘‘लोकांच्या उधारीचं खातं आहे जी, एक पैसा इकडचा तिकडे नाही झाला पाहिजे.’’