पळून जायला तीस दिवस

आमच्या लग्नाला मोजून पाच माणसं होती. त्यातले दोघे आम्हीच.

मी देवासची, तो धारचा. दोन्ही गावं पवारांच्या गादीची, आणि आमच्यासारखी मराठी घरं इथे जवळजवळ तीनशे वर्षांपासूनची. त्याच्या घरी मात्र माळवी बोलतात. वर्षभराच्या अबोल्यानंतर दोन्ही घरांनी होकार दिला आणि खरं भांडण तिथून सुरू झालं. लग्न देवासला हॉलमध्ये की धारला मॅरेज गार्डनमध्ये? वऱ्हाड किती? आहेर कुणाकुणाला? यादी सहाशेवर गेली तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. ताईच्या लग्नाचं कर्ज ते कित्येक वर्षं फेडत होते. त्या काळात त्यांनी स्वतःसाठी एक स्वेटरसुद्धा घेतला नव्हता. माझ्यासाठी ठेवलेल्या एफडीच्या पावत्या कपाटात कुठे आहेत, हेही मला ठाऊक होतं.

मी आणि त्यानं ठरवलं, गुपचूप करून टाकायचं. नोंदणी आणि मग मांडू, बस्स.

पण गुपचूप म्हणजे काय, हे कायद्याला विचारा! १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी विवाह अधिकाऱ्यांना नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असावा लागतो. नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि मग तीस दिवस थांबायचं. सिनेमातली जोडपी रात्रीच्या गाडीनं पळतात. आम्हाला पळायला महिना लागला, तोही फळ्यावर नावं लावून. देवासात कुणी शिंकलं तरी गावभर कळतं. बाबांच्या ओळखीचं कुणी ना कुणी त्या कार्यालयात रोज जाणार. रात्री जेवताना बाबांनी मान वर केली की माझा घास अडकायचा. पण कुणीच ते वाचलं नाही. आता वाटतं, वाचलं असतं तर बरं झालं असतं.

श्रावणातल्या एका सोमवारी तीन मैत्रिणी साक्षीदार म्हणून आल्या. कायद्यानं तीनच लागतात. एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करतो, हे वाक्य आपल्याला कळणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येतं. मी मराठीत म्हटलं, तो हिंदीत म्हणाला. सह्या झाल्या. ठरावीक शुल्क भरून अर्ज केला तर विवाह अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावर कार्यालयाबाहेरही बोलावता येतं. पण मांडू पडलं धार जिल्ह्यात. म्हणून हार पिशवीत घेऊन आम्ही इंदूर, धार करत दुपारी मांडूला पोहोचलो.

श्रावणातलं मांडू तुम्ही पाहिलंच असेल. हिरवं आणि धुक्यात बुडालेलं. रूपमती मंडपाकडे जाताना रस्त्याच्या कडेला खुरासानी इमलीचं एक झाड होतं, त्याचा बुंधा आमच्या स्वयंपाकघराएवढा रुंद. त्याच्याखाली आम्ही एकमेकांना हार घातले. मंगलाष्टकं नाहीत, अक्षता नाहीत. पानांवरून टपटप पाणी पडत होतं तेवढंच. मला फार सुंदर वाटलं, खोटं कशाला सांगू?

शेजारी भुट्टे भाजणाऱ्या एक मावशी हे सगळं बघत होत्या. त्यांनी दोन भुट्टे पुढे केले, पैसे घेतले नाहीत, आणि विचारलं, "घर के लोग पीछे आ रहे हैं क्या?"

आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं नाही.

मंडपावरून नर्मदा दिसते म्हणतात. रूपमती रोज तिचं दर्शन घ्यायची, अशी कथा आहे. त्या दिवशी खाली नुसता पांढरा कापूस. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेनं देवासपलीकडच्या सारंगपूरला बाजबहादूरचा पराभव केला. तो पळाला आणि मागे राहिलेल्या रूपमतीनं विष घेतलं, असं सांगतात. मंडपावर उभी राहून मी पहिल्यांदा पळणाऱ्यांचा नाही, मागे राहणाऱ्यांचा विचार केला. आणि तिथूनच घरी फोन लावला.

आई रडली. बाबा म्हणाले, "बरं. जेवलात का?" आणि फोन ठेवला.

आठवड्यानं आम्ही देवासला गेलो. मी वाद घालायच्या तयारीनंच गेले होते. आईच्या कपाटात 'आहे मनोहर तरी' आहे, पु. ल. देवासला कुमारजींकडे यायचे म्हणून आमच्या घरी त्यांचं सगळं आपुलकीनं वाचलेलं. मी म्हटलं, "बाबा, पु. ल. आणि सुनीताबाईंनी १९४६ साली नोंदणीच केली. खर्च आला फॉर्मचे आठ आणे. तुम्हीच कौतुकानं सांगायचात."

बाबा शांतपणे म्हणाले, "ते लग्न रत्नागिरीला सुनीताबाईंच्या माहेरच्या घरात झालं. तू त्यातले फक्त आठ आणे वाचलेस." थोड्या वेळानं म्हणाले, "माझा खर्च वाचवलास, ते ठीक. पण मला पाच मिनिटं उभं राहायला किती खर्च आला असता गं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. बाबांचं ओझं कमी करायचं म्हणून मी त्यांनाच वगळलं होतं.

हल्ली आपल्या मंडळातली मुलं-मुली मला विचारतात, ताई, साधं लग्न कसं केलंत? मी त्यांना कायद्याची कलमं सांगते. तीस दिवसांची नोटीस सांगते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते, हेही सांगते. झाडाखाली, शेतात, नदीकाठी, कुठेही करा. सहाशेची यादी खुशाल फाडा. पण फाडण्याआधी वरची चार नावं वेगळी काढून ठेवा. आणि ती येणार नाही म्हणाली, तरी तारीख त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या.

पहिल्या वर्षी आम्ही मांडूला बोलावलं तेव्हा बाबा आले नाहीत. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आले, सासू-सासऱ्यांसोबत एकाच गाडीतून. हवा स्वच्छ होती. मंडपावरून खूप लांब एक चंदेरी रेघ दिसली. सासऱ्यांनी हात जोडून "नर्मदे हर" म्हटलं, बाबांनीही म्हटलं. उतरताना बाबांनी ते झाड दाखवायला सांगितलं. बुंध्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे होते.

मी मोजलं नाही, पण पाच मिनिटं नक्की झाली असतील.