डोंगरातला डोंगर

शिल्पकार हा निसर्गाचा शिष्य असतो, असे म्हणतात. ह्या वचनाचा अर्थ मला वेरूळच्या कैलास लेण्याने शिकविला. मुख्याध्यापक असताना विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर मी तेथे अनेकदा गेलो आणि प्रत्येक वेळी मंदिराइतकाच त्याच्याभोवतीचा डोंगरही न्याहाळीत राहिलो.

हा डोंगर अग्नीतून जन्मला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडल्या व त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर येऊन दूरवर पसरला. तो निवाला, त्याचा काळा खडक झाला. त्यावर पुन्हा रस आला, पुन्हा निवाला. असे थरावर थर चढत गेले. ह्या खडकाला बेसाल्ट म्हणतात. तो छिन्नीला सहजासहजी दाद देत नाही. परंतु एकदा दिलेला आकार शतकानुशतके धरून ठेवतो.

निसर्गाने थर चढवून डोंगर रचला. माणसाने दगड काढून त्यातून मंदिर घडविले. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळी, कारागिरांनी डोंगरमाथ्यावरून तीन बाजूंना खोल चर खणले आणि मध्ये उरलेला प्रचंड खडक वरून खाली कोरीत आणला. घर बांधताना आधी पाया घालतात; येथे शिखर आधी झाले आणि जोते शेवटी! मागचा उभा कडा शंभर फुटांहून उंच आहे. हिमालयातील कैलास पर्वतच जणू त्यांना येथे उभा करावयाचा होता. मंदिराला एके काळी पांढरा गिलावा होता. त्याच्या खुणा अजून दिसतात. काळ्या कातळाच्या कुशीत ते शुभ्र शिखर हिमाच्छादित पर्वतासारखेच शोभत असेल.

मंदिराच्या दक्षिण अंगाला एक अपूर्व शिल्प आहे. खाली रावण आपल्या अनेक हातांनी कैलास हलवीत आहे. वर पार्वती भयाने शंकराला बिलगली आहे, दासी पळत सुटली आहे आणि शंकर मात्र शांतपणे पायाने पर्वत दाबून धरीत आहे. धरणीकंपाचा हादरा त्या अचल दगडात उतरला आहे.

एका सहलीत हे शिल्प पाहून मी मागे वळलो, तो एक विद्यार्थी खिळ्याने भिंतीवर आपले नाव कोरू पाहत होता. मी त्याला जवळ बोलावून विचारले, “बाळ, मातीच्या गणपतीचा कान मोडला, तर काय करशील?”

“ओली माती लावीन, गुरुजी.”

“आणि ह्या दगडाचा टवका उडाला तर?”

तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने खिळा मुकाट्याने माझ्या हातावर ठेवला.

काढलेला दगड परत बसविता येत नाही, हे त्या कारागिरांना पुरते ठाऊक होते. म्हणून प्रत्येक घाव घालण्यापूर्वी त्यांनी आतली मूर्ती मनात पाहिली असली पाहिजे. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. त्यांचे काम मात्र १९८३ साली जागतिक वारसा म्हणून गौरविले गेले.

मुलांनो, जे रचायला निसर्गाला युगे लागली आणि जे कोरताना असंख्य हात झिजले, ते बिघडवायला एक खिळा पुरतो. वेरूळला जाल तेव्हा हात आवरा आणि डोळे भरून पाहा.