अम्मींची पाने

आम्ही दोघी जावा वसमतला घरातूनच हळद पावडर विकतो. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुण्या-मुंबईचे फोन वाढले. वेबसाइट मात्र आमची त्याआधीची. भाच्याच्या कॉलेजातल्या मित्राने ती बनवून दिली. होस्टिंगचे महिना 99 रुपये याप्रमाणे तीन वर्षांचे पैसे एकदम भरले आणि आम्ही ते विसरून गेलो.

त्या साइटवर हळदीपेक्षा आमच्या अम्मी, म्हणजे सासूबाईच जास्त होत्या. दुपारी चहा घेताना त्या सांगायच्या आणि आमच्यातली धाकटी मोबाइलवर थेट साइटमध्येच टाइप करायची. हळद शिजली हे कसे ओळखायचे, दालच्यात ती कधी टाकायची, खिचड्यात किती, भेसळीची पावडर हाताला कशी लागते. वहीत एक ओळ नाही. साइट आहे की, आता कुठे जाणार, असे आम्हाला वाटायचे.

अम्मींचा इंतकाल झाला. वर्षभराने, रमजानच्या तोंडावर, एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "भाभी, तुमची साइट उघडत नाही."

कंपनीचा मुलगा फोनवर अदबीने बोलला. मुदत संपून दोन महिने झालेत, सहा ईमेल पाठवले, म्हणाला. ते सगळे गेले होते त्या मित्राच्या जुन्या पत्त्यावर. मित्र आता दुबईला. खाते त्याच्या नावावर, म्हणून आमच्याशी पुढे बोलायलाही तो मुलगा तयार नव्हता. तेव्हा राग आला, पण कुणीही फोन करून आमची साइट मागितली असती आणि त्यांनी देऊन टाकली असती, तर?

मित्राला गाठले, तेव्हा उलगडा झाला. साइटचे नाव म्हणजे दुकानाची पाटी आणि होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. दोन्हींचे पैसे वेगळे, मुदतही वेगळी. डॉट कॉम नावाची मुदत संपली की आधी कंपनीच्या नियमाप्रमाणे काही दिवसांची सवलत असते. मग 30 दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणीही घ्यावे. आमचे नाव त्या 30 दिवसांत सापडले. दंड भरला, पाटी परत मिळाली. गाळा मात्र धुऊन पुसून रिकामा. बॅकअप ठेवणे ग्राहकाची जबाबदारी, असे अटींमध्ये लिहिलेले होते. नव्या वर्षाचा दर 99 नव्हे, 329 रुपये, हेही तिथेच, बारीक अक्षरात.

थोरलीचे म्हणणे, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचाच. फसव्या किमती आणि वर्गणीच्या सापळ्यांविरुद्ध केंद्राने 2023 मध्ये नियमही केलेत. धाकटीचे म्हणणे, तक्रारीने अम्मींची पाने थोडीच येणार? फोन राहिलाच. बारीक अक्षरांचा तो दर आम्हाला आजही लबाडीच वाटतो.

पाने शोधून काढली भाच्याने. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह नावाची ना-नफा संस्था आहे. जगभरच्या साइट्सच्या प्रती ती 1996 पासून साठवते, आणि त्या कुणालाही फुकट पाहता येतात. आमच्या 31 पानांपैकी सात तिथे निघाली, तीही फोटोंविना. मोबाइलवर अम्मींचे बोलणे वाचताना दोघींनाही पुढचे दिसेना.

आता नाव, ईमेल, मोबाइल सगळे आमचे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला साइटची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवतो आणि तो थोरलीच्या माहेरी, हिंगोलीला ठेवतो. घरच्यांना हसू येते. पण मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचे अख्खे डेटा सेंटर जळाले, तेव्हा कित्येकांची साइट आणि बॅकअप दोन्ही त्याच आगीत गेले.

सात पाने वहीत उतरवून झाली. त्यांत दालच्याचे पान नाही. थोरली म्हणते, अम्मी हळद डाळ शिजतानाच टाकायच्या. धाकटी म्हणते, नाही, फोडणीत.