जनावराला गोळी कळत नाही, मग गुण कसा येतो?

माझ्या मामांच्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांचा फोन आला. एका गाईची कास एका बाजूने सुजली होती आणि दुधात गाठी येत होत्या. गावाकडे याला दगडी म्हणतात, शास्त्रीय भाषेत कासदाह. मामा म्हणाले, "शेजाऱ्यानं होमिओपॅथीच्या गोळ्या दिल्यात. गेल्या वर्षी याच गोळ्यांनी आपली दुसरी गाय चार दिवसांत बरी झाली होती. देऊ ना?"

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नाही. समोर पेशंटची रांग होती. मी म्हणालो, "द्या मामा, त्यानं अपाय तर काही होत नाही."

पाचव्या दिवशी गाईने वैरण सोडली, अंगात ताप भरला. तालुक्याहून पशुवैद्य आले. त्यांनी इंजेक्शने दिली, सडात औषधाची ट्यूब सोडली. गाय वाचली, पण तो सड कायमचा निकामी झाला. पहिल्याच दिवशी बोलावले असते तर तो वाचण्याची शक्यता जास्त होती, असे पशुवैद्य म्हणाले.

नंतर मामांनी मला एक प्रश्न विचारला. "माणसाला मनाच्या समाधानानं बरं वाटत असेल. पण जनावराला काय कळतं, गोळीत औषध आहे की साखर? मग गेल्या वर्षीची गाय बरी कशी झाली?" हा प्रश्न चांगले शिकलेले लोकही विचारतात, म्हणून आज त्याचे सविस्तर उत्तर देतो.

पहिले कारण म्हणजे अनेक आजार आपोआप उतरतात. सौम्य कासदाहात गाईच्या पांढऱ्या पेशीच जंतूंचा नायनाट करू शकतात. आपण औषध देतो ते त्रास सर्वांत जास्त असताना. त्यानंतर बहुतेक वेळा उतारच पडायचा असतो. श्रेय मात्र गोळीला मिळते.

दुसरे, गोळीसोबत आपण बाकीही बरेच करतो. कास वरचेवर पिळून रिकामी करतो, शेकतो, गोठा कोरडा ठेवतो. त्याचाही फायदा होतोच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. जनावराला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, कळत नाही हे खरे. पण गुण आला की नाही हे जनावर सांगत नाही, आपण सांगतो! संधिवाताने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना फक्त प्लासिबो दिलेला होता. पायावर किती भार पडतो हे यंत्राने मोजले, आणि मालक व पशुवैद्य यांनाही मत विचारले. यंत्रावर सुधारणा दिसत नसतानाही कुत्रा सुधारला असे सांगणारे बरेच निघाले. त्यात केवळ मालक नव्हते, पशुवैद्यही होते. आशा डोळ्यांना फसवते. डॉक्टरांच्या डोळ्यांनाही.

म्हणूनच तुलना लागते. नॉर्वेमध्ये कासदाह झालेल्या ५७ गाईंचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला होमिओपॅथी, दुसऱ्याला प्लासिबो, तिसऱ्याला प्रतिजैविक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: तिन्ही गटांत लक्षणे कमी झाली, पण होमिओपॅथीचा प्लासिबोहून अधिक परिणाम असल्याचा पुरावा मिळाला नाही. मामांची गेल्या वर्षीची गाय बरी झाली ती बहुधा अशीच. यात नवलही नाही. '३० सी' म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया ३० वेळा. त्यात मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. शेतकरी पर्याय शोधतो तो अडाणी म्हणून नव्हे. पशुवैद्य दूर असतो, प्रतिजैविक महाग पडते, आणि ते चालू असताना व नंतर सांगितलेले दिवस दूध डेअरीला घालता येत नाही. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर ही तर आम्हा डॉक्टरांचीही डोकेदुखी आहे. कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवते. त्यात निदान खरे पदार्थ आहेत. पण कसोटी त्यालाही तीच: तुलना करून गुण दिसतो का? औषध देशी की विदेशी, हा प्रश्नच नाही.

आता 'अपाय होत नाही' या माझ्या वाक्याबद्दल. साखरेच्या गोळीने अपाय होत नाही, पण तिच्या भरवशावर घालवलेल्या चार दिवसांनी होतो. माणूस निदान "अजून दुखतंय" म्हणतो, गाय म्हणत नाही. पेशंटला पर्याय निवडायचा हक्क असतो, जनावरासाठी निवड आपण करतो. म्हणून आपली जबाबदारी जास्त.

तेव्हा कास गरम व सुजलेली दिसली, दुधात गाठी किंवा रक्त आले, जनावराने चारा सोडला, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. आधी निदान करून घ्या. दुसरे काही करायचे असेल तर त्यांना विचारून करा, त्यांच्याऐवजी नको.

मामांची ती गाय अजून गोठ्यात आहे आणि तीन सडांवर दूध देते. आता जनावराबद्दल मामांचा फोन आला, की मी एवढेच विचारतो, "पशुवैद्य काय म्हणाले?"